नाकारलेले आधी दाखवा

सर्व संबंधितांस, तसेच ज्यांचा काडीइतकाही संबंध नाही अशांस, अत्यंत गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते की, आमच्या संस्थेच्या कार्यकारिणीने आपल्या भरगच्च सभेत (उपस्थिती पाच, पैकी एक झोपलेले) पुढील ठराव एकमताने संमत केला आहे : संस्थेच्या सचिवाने यापुढे निधीसाठीचे प्रस्ताव लिहू नयेत. सूचक, अध्यक्ष. अनुमोदक, उरलेले सगळे, झोपलेले धरून. सचिव म्हणजे मी. हा ठराव इतिवृत्तात मलाच लिहून घ्यावा लागला, आणि तोही मी उगाच लांबवला असं अध्यक्षांचं म्हणणं आहे.

आमची संस्था छोटी. पांढरकवड्याला एका कृषी केंद्राच्या माडीवर दोन खोल्या, खालून बारा महिने येणारा खताचा वास, आणि तिकडे मुकुटबनच्या बाजूला कोलामांच्या पाच वस्त्यांवर पाच बालवाड्या. कोलामांच्या वस्तीला आमच्याकडे पोड म्हणतात. बालवाड्या चालवणाऱ्या पाचही जणी त्या त्या पोडातल्याच. लेकरांशी त्या कोलामीतून बोलतात. मराठी हळूहळू, पाहुण्यासारखी, मागून येते. ज्या देणगीदारांच्या निधीवर हे सगळं चालायचं त्यांनी एके दिवशी कळवलं की मार्चनंतर त्यांचं काम दुसऱ्या राज्यात जाणार. म्हणजे मार्चपर्यंत नवा निधी मिळाला नाही, तर पाचही दारांना कुलूप.

तेव्हा मी बाह्या सरसावल्या. एकापाठोपाठ एक तीन प्रस्ताव लिहिले. तिन्ही नाकारले गेले. त्यातल्या एकाचा नकार इतक्या तातडीनं आला की प्रस्ताव पोचायच्या आधीच त्यांना त्याची चाहूल लागली असावी.

आमचे अध्यक्ष वामनभाऊ म्हणजे निवृत्त कृषी सहायक. स्वतःची कापसाची आणि तुरीची शेती, बोलणं मोजकं. ठरावानंतर ते मला समजावणीच्या सुरात म्हणाले, "हे पाय, तू चांगलाच लिहितं. पण थे वाचून मले बी रडू येते अन् झोप बी येते, दोनी एकाच वेळी. आपण ट्रॅक्टर भाड्यानं आणतो, मळणीयंत्र भाड्यानं आणतो. मंग लिहिणारं मानूस काहून नाही आणायचं?"

असा आमच्या माडीवर भाडोत्री लेखकाचा शोध सुरू झाला. पहिले गृहस्थ फोनवरच भेटले. विषय कोणताही असो, दोन दिवसांत प्रस्ताव हातात, असं त्यांचं ब्रीद होतं. नमुना म्हणून त्यांनी आमच्यासाठी खरोखरच दोन दिवसांत एक देखणा मसुदा पाठवला. तो वाचता वाचता सातव्या पानावर आमच्या पोडांतल्या 'मच्छीमार बांधवांना' वादळाची पूर्वसूचना कशी मिळेल याची योजना लागली. वामनभाऊंनी खिडकीतून बाहेर पाहिलं. बाहेर पऱ्हाटीनं, म्हणजे कापसाच्या वाळक्या झाडांनी, भरलेली एक बैलगाडी चालली होती. दुसऱ्या गृहस्थांनी निधीतला दहावा हिस्सा मागितला आणि वर म्हणाले, आकडे जरा फुगवू, म्हणजे दोघांचंही भागेल. त्यांना चहा पाजून बसस्थानकाचा रस्ता दाखवला.

तिसऱ्या आल्या त्या विमलताई राठोड.

यवतमाळहून एसटीनं आल्या. ठेंगणी मूर्ती, साठीला टेकलेल्या, चष्मा गळ्यात दोरीनं अडकवलेला, आणि काखेत परीक्षेला बसणारी मुलं नेतात तसं क्लिप लावलेलं पॅड. माझी अशी तयारी होती की मी मुलाखत घेणार. मी खुर्ची पुढे ओढली, संस्थेची माहितीपत्रकं मांडली, मंजूर झालेल्या जुन्या प्रस्तावांची फाइल उघडून ठेवली. विमलताईंनी ती फाइल बोटानं अलगद बाजूला सारली.

"हे नको. नाकारलेले आधी दाखवा."

"नाकारलेले? ते कशाला?"

"मंजूर झालेल्यात नशीब असते सर. नाकारलेल्यात मानूस दिसते."

मी माझी तिन्ही अपत्यं त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी चहा बशीत ओतला, चष्मा चढवला आणि वाचायला लागल्या. पहिल्याच ओळीवर थांबल्या. "'भारत हा कृषिप्रधान देश आहे.' हे त्याईले माहीत असंन सर. थे बी भारतातच राहतात." मी हसलो, जरा कमीच. त्या पुढे गेल्या. "'आदिवासी बांधवांच्या अश्रूंनी भिजलेली ही भूमी.' कोन रडत होतं?"

"म्हणजे तसं नाही. एकूणच."

"एकूण कोनी रडत नसते सर. रडनाऱ्याचं नाव असते. नाव सांगा, मी लिहितो." आमच्याकडच्या बायकांसारखं त्या स्वतःबद्दल 'करतो, लिहितो' असंच बोलत. मग त्यांनी पानं भराभर उलटली आणि अकराव्या पानावर बोट ठेवलं. "हे पाहा, अथी आलं पयलं लेकरू. दहा पानं चालत आलं बिचारं."

वामनभाऊ कोपऱ्यात बसले होते. मी त्यांना गेली वीस वर्षं ओळखतो. त्या दिवशी पहिल्यांदा त्यांचे सगळे दात दिसले.

विमलताई दिग्रसकडच्या एका बंजारा तांड्यात वाढलेल्या. घरात गोरबोली, बाजारात वऱ्हाडी, शाळेत पुस्तकी मराठी. "तीन भाषांत मार खाल्ला," असं त्या म्हणत. पुढे यवतमाळात एका देणगीदार संस्थेच्या कार्यालयात त्या चौदा वर्षं नोकरीला होत्या. काम एकच : आलेले प्रस्ताव उघडायचे, वाचायचे, साहेबांसाठी गठ्ठे लावायचे. नोकरी सुटली तेव्हा त्यांना वाटलं, इतकं वाईट लिहिलेलं वाचलं, आता थोडं बरं लिहून पाहावं. त्यामुळे त्यांच्या डोळ्यांपुढे कायम वाचणारा असायचा. "दुपारचं जेवण झालं असते. पंखा चालू असते. तुमचा नंबर चाळिसावा असते. वाचनाऱ्याले झोप येऊन राह्यली, हे धरूनच लिहा. त्याले हलवून उठवू नका, राग येते. नुसतं असं काही सांगा का त्याची झोप आपोआप उडंल."

टक्केवारीचा विषय मीच काढला. त्यांनी ठरावीक मेहनताना सांगितला, निधी येवो न येवो. "टक्का घेतला का पेन खोटं बोलाले लागते," म्हणाल्या, आणि तो विषय तिथं संपला.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना माझ्या स्कूटरवरून पोडावर नेलं. वाटेत मी कोलाम समाजाचा इतिहास, भूगोल आणि मानसशास्त्र सांगत होतो. त्या मागे बसून 'हाव, हाव' करत होत्या. बालवाडीत पोचल्यावर त्यांनी विचारलं, "सर, तुमाले दुसरं काही काम आहे का?" मी नाही म्हणालो. "मंग काढा एखादं," त्या म्हणाल्या.

मी बाहेर मोहाच्या झाडाखाली बसलो आणि तिथून आत बघत राहिलो. विमलताई भिंतीला टेकून जमिनीवर बसल्या. सकाळपासून दुपारपर्यंत एक अक्षर लिहिलं नाही. लेकरांनी आधी त्यांच्याकडे लांबून पाहिलं, मग त्यांच्या चष्म्याची दोरी ओढली, आणि शेवटी एक जण त्यांच्या मांडीवर झोपून गेला. ती बालवाडी लक्ष्मी टेकामची. बारावी झालेली, सडसडीत, बोलता बोलता एका हातानं एकाचं नाक पुसणारी आणि दुसऱ्यानं दुसऱ्याला मारामारीतून ओढून काढणारी. मध्येच एक पोरगं उभं राहून "ईर" म्हणालं. लक्ष्मीनं न बघता पेला भरून दिला. ईर म्हणजे पाणी.

परतताना विमलताईंनी मला एकच प्रश्न विचारला. "हे पोरगं गावातल्या अंगणवाडीत जाऊन 'ईर' म्हनलं असतं, तं काय झालं असतं?"

"बाईंना कळलं नसतं."

"मंग?"

"मग काय, थोडा वेळ थांबलं असतं आणि घरी गेलं असतं."

"दुसऱ्या दिवशी?"

आमच्या नव्या प्रस्तावाचं पहिलं वाक्य असं होतं : 'तीन वर्षांचं मूल अंगणवाडीत पाणी मागतं आणि बाईंना ते कळत नाही, म्हणून ते दुसऱ्या दिवशी येत नाही.' वीस वर्षं मी या कामात आहे. हे वाक्य लिहायला कृषिप्रधान देश लागत नाही, हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

विमलताई पॅडवर हातानं लिहीत, आणि कार्यालयातल्या संगणकावर टाइप करण्याचं काम माझ्याकडे. इथं वाचकांपुढे मी एका गुन्ह्याची कबुली देतो. ठरावात 'लिहू नये' असं होतं. 'टाइप करताना दोन वाक्यं घालू नयेत' असं कुठंही नव्हतं. चौथ्या पानावर मला मजकूर फार कोरडा वाटला. मी हळूच एक परिच्छेद सरकवला.

मला काय माहीत की या बाई पुढे काय करणार होत्या. प्रस्ताव पुरा झाल्यावर त्या म्हणाल्या, "चला, वाचाले जाऊ."

"कुठे?"

"पोडावर. ज्याच्याबद्दल लिहिलं त्याच्यासमोर वाचता नाही आलं, तं थे लिहिणं नाही सर. थे चुगली आहे."

संध्याकाळी बालवाडीच्या अंगणात बाया जमल्या. विमलताई एक वाक्य वाचत, लक्ष्मी ते कोलामीत सांगे, मग बाया आपसात चर्चा करून माना डोलावत नाहीतर दुरुस्ती सांगत. पाण्याचं वाक्य ऐकून सगळ्या एकदम बोलायला लागल्या. प्रत्येकीकडे तशी एक गोष्ट होती. चौथं पान आलं. विमलताईंनी त्याच सपाट आवाजात वाचलं : 'अज्ञानाच्या गडद अंधारात चाचपडणाऱ्या या निरागस कळ्या…' आणि थांबल्या. लक्ष्मीही थांबली. तिनं कशीबशी काहीतरी फोड करून सांगितली. सोनाबाई नावाची पोडातली सगळ्यात म्हातारी बाई होती, तिनं खांबाकडे बोट दाखवून मराठीतच विचारलं, "अंधार कायचा? लाइट तं आहे."

"पोट्टे चाचपडून राह्यले म्हंते," दुसरी बाई म्हणाली. "कोनाचे? माये तं नाही."

हशा असा उसळला की झाडावरच्या साळुंक्या उडाल्या. विमलताईंनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "सचिवसाहेब, टाइप करता करता डोळा लागलता का?" मी मोहाच्या झाडाचा अभ्यास करत होतो. तो परिच्छेद बायांनी एकमतानं काढला. एका महिन्यात माझ्याविरुद्ध एकमतानं झालेला हा दुसरा ठराव.

पण त्याच संध्याकाळी खरी गोष्ट बाहेर आली. विमलताईंनी आधीच हजेरीपट चाळले होते. लक्ष्मीच्या बालवाडीत मागच्या हिवाळ्यात दोन महिने रोज शून्य हजेरी होती. त्याच दोन महिन्यांच्या माझ्या अहवालात 'पालकांचा उत्स्फूर्त प्रतिसाद' होता. त्यांनी बायांना विचारलं, काय झालं होतं? बायांनी लक्ष्मीकडे पाहिलं, लक्ष्मीनं माझ्याकडे, आणि मी पुन्हा झाडाकडे.

झालं असं होतं की बालवाडीची वेळ मी ठरवली होती. दहा वाजता. कार्यालय दहाला उघडतं, शाळा दहाला भरते, दहा ही कशी भारदस्त वेळ आहे. कापसाच्या वेचणीच्या दिवसांत बाया आठाला शेतावर जातात. लेकरू घरी कोणाजवळ ठेवणार? काखेत घेऊन जात. दहा वाजता लक्ष्मी बालवाडी झाडून, रंगीत चित्रं मांडून बसे, आणि लेकरं तिकडे पऱ्हाटीच्या ओळींत. दोन महिन्यांनी लक्ष्मी आणि बाया बसल्या आणि त्यांनी आपसात ठरवलं : बालवाडी साडेसातला उघडायची, आया लेकरं सोडून वेचायला जातील, दुपारनंतर सोनाबाई सांभाळेल. दुसऱ्या दिवशी एकोणीस लेकरं हजर. माझ्या कागदावर ती वेळ पुढेही बरेच दिवस दहाच होती.

विमलताईंनी हे सगळं लिहिलं. अख्खं पान, तेही लक्ष्मीकरवी बायांना वाचून दाखवलेलं. 'वेळ आम्ही चुकीची ठरवली, ती पालकांनी दुरुस्त केली,' असा त्याचा मथळा. ते वाचून वामनभाऊंचा चेहरा उतरला. पाच बालवाड्यांचा प्रश्न होता, आणि हीच शेवटची संधी होती. पुढची मुदत मार्चच्या नंतरची.

"ताई, आपलीच लाज आपणच दाखवायची, अन् वरून म्हनायचं पैसे द्या?"

"भाऊ, पाचच्या पाच एक नंबर चालून राह्यल्या, असं सगळेच लिहितात. मी चौदा वर्षं वाचलं. खोटं आहे हे लिहिनाऱ्याले माहीत, वाचनाऱ्याले माहीत, चहा आणनाऱ्याले बी माहीत. या पानात तुमच्या बाया किती हुशार आहे थे दिसते. हे पान काढलं, तं राह्यलं काय? पाच खोल्या अन् सरचे अश्रू."

"अन् नाही मिळाला निधी तं?"

पॅडची क्लिप विमलताईंनी दोनदा उघडली, मिटली. "तं लक्ष्मीले सांगाले मी येईन. तुमाले एकट्याले नाही जावं लागनार."

वामनभाऊंनी ते पान पुन्हा एकदा वाचलं. ओठ हलवत, बियाण्याच्या पिशवीवरची सूचना वाचावी तसं. मग ते माझ्याकडे सरकवून म्हणाले, "पाठव. अन् काही घालू नको मधात."

पुढचं सरळ आहे. डिसेंबरात पुण्याहून नव्या देणगीदारांच्या एक मॅडम पाहणीला आल्या, आणि फेब्रुवारीत तीन वर्षांचा निधी मंजूर झाल्याचं पत्र आलं. वामनभाऊंनी सगळ्या पोडांवर जिलेबी वाटली. कार्यकारिणीनं विमलताईंना कायमची नोकरी देऊ केली. त्या हात जोडून म्हणाल्या, "नाही जी. मी अथी बसली का दोन वर्षांत मले बी तुमची संस्था लय मोठी वाटाले लागंल. मंग मी बी कळ्या लिहीन." आपलं पॅड काखेत मारून त्या यवतमाळच्या एसटीत चढल्या. आता कळंबकडे कोणाच्या तरी दुधाच्या सोसायटीसाठी लिहीत आहेत. तिथला सचिव मला मध्यंतरी भेटला. त्याच्या चेहऱ्यावरून मी ओळखलं की त्याचे नाकारलेले वाचून झालेले आहेत. मी त्याला प्रेमानं चहा पाजला.

निधी नेमका कशामुळे मिळाला, यावर मात्र आमच्यात मतभेद आहेत. वामनभाऊ म्हणतात, पाण्याच्या वाक्यामुळे. मी म्हणतो, माझ्या टायपिंगमुळे. विमलताईंचं मत वेगळं आहे, आणि त्यासाठी मला डिसेंबरातली ती सकाळ सांगावी लागेल, जी मी अंमळ राखून ठेवली होती, कारण तीत माझी शोभा फारशी नाही.

मॅडमना साडेसातची बालवाडी साडेसातलाच बघायची होती. थंडी मी म्हणत होती. आया लेकरं सोडत होत्या, लेकरांच्या नाकातोंडातून वाफा निघत होत्या. विमलताई पाहणीच्या दिवशी लेखक म्हणून पुढे येत नसत. त्या मागे बायांमध्ये सोनाबाईच्या शेजारी शाल गुंडाळून बसल्या होत्या, पोडातल्याच वाटाव्यात अशा. मॅडमनी प्रस्ताव उघडला. तेच वेळेचं पान. त्यांनी अगदी साधेपणानं विचारलं, "वेळ बदलायला संस्थेनं मंजुरी कधी दिली? त्याची काही पद्धत होती का?"

वामनभाऊ माझ्याकडे बघायला लागले. आणि मी, माझ्या वाणीला कोणताही ठराव लागू नाही हे आठवून, उभा राहिलो. शालीच्या आतून विमलताईंनी डोळे वटारले, ते मला दिसलेही. पण तोवर मी सुरू झालो होतो : "मॅडम, त्याचं असं आहे, संस्थेनं पालकांशी सखोल विचारविनिमय करून, सर्व बाजूंचा साकल्यानं विचार करता…"

लक्ष्मी एका पोराच्या स्वेटरची गुंडी लावत होती. प्रस्तावातलं प्रत्येक वाक्य तिच्या तोंडून गेलेलं होतं. त्यात काय आहे आणि काय नाही हे तिला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. मान वर न करता ती बोलून गेली :

"नाही जी, सरले आमी विचारलंच नाही. त्यायचा कागद येईपर्यंत हे पोट्टे लग्नाले आले असते."